व्याघ्र प्रकल्पातली पहिली सफारी: परमिट कुठल्या गेटचं आणि कुठल्या वेळचं घ्यायचं?

पहिल्यांदा ताडोबा, पेंच किंवा कान्हाला निघालेलं कुटुंब साधारण एकाच क्रमाने तयारी करतं. आधी सुट्ट्या जुळवायच्या, मग रेल्वेची तिकिटं, मग चांगलंसं रिसॉर्ट, आणि सगळ्यात शेवटी सफारीचं परमिट. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. रिसॉर्ट ऐनवेळी बदलता येतं, दुसऱ्या गाडीचं तिकीट मिळतं, पण जंगलात सोडायच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि ती संपली की कुणाच्या ओळखीने वाढत नाही. परमिट हातात आल्यावर बाकीची सहल त्याच्याभोवती बसवायची.

हे परमिट उद्यानाच्या दारावर फाडून मिळणाऱ्या तिकिटासारखं नसतं. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुम्ही दारावर पैसे भरता, आत जाता आणि हवं तितकं फिरता. कान्हेरी लेण्यांचं तिकीट तेवढं वेगळं, आणि सोमवारी सगळं बंद. व्याघ्र प्रकल्पात तसं नाही. तिथलं परमिट पाच गोष्टी एकत्र बांधतं: तारीख, सकाळची की दुपारची फेरी, गेट, गाडी आणि गाडीत बसणाऱ्यांची नावं. यातली एक जरी चुकली तरी ते परमिट निरुपयोगी होऊ शकतं. म्हणून निवड करताना या पाचही गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

आधी घरच्या माणसांकडे बघा

कुठलं जंगल, कुठलं गेट याआधी कोण कोण येणार हे ठरू द्या. एक फेरी सुमारे चार तासांची असते. उघडी जिप्सी, मातीचा रस्ता, हिवाळ्यात बोचरी थंडी आणि उन्हाळ्यात अंगावर धूळ. मध्ये उतरता येत नाही. स्वच्छतागृहं ठरावीक ठिकाणीच असतात आणि तिथवर पोचायला कधी कधी दोन तास जातात. गुडघेदुखीची आजी, तीन-चार वर्षांचं मूल, पाठीचं दुखणं असलेला माणूस, यांच्यासाठी सलग चार फेऱ्यांचं परमिट काढणं म्हणजे त्यांची सुट्टी खराब करणं. अशा घराने दोन दिवसांत दोन फेऱ्या घ्याव्यात आणि मधला वेळ मोकळा ठेवावा. ज्यांना जंगलच बघायचं आहे त्या तरुण मंडळींनी हवं तर तिसरी, चौथी फेरी वेगळी काढावी. सगळ्यांनी प्रत्येक वेळी एकत्रच जायला हवं असं काही नाही.

काही ठिकाणी पूर्ण दिवसाचं परमिट मिळतं. ते खूप महाग असतं आणि मुख्यतः छायाचित्रकारांच्या उपयोगाचं असतं. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुठलं जंगल?

वाघ बघायचा म्हणून सगळे ताडोब्याला निघतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे जंगल, १९५५ साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथे वाघ दिसण्याची शक्यता खरोखरच चांगली आहे. पण तेवढ्यामुळेच शनिवार-रविवारची आणि दिवाळी-नाताळची परमिटं सगळ्यात आधी संपतात आणि दरही त्या दिवशी जास्त असतो. बुधवार-गुरुवारी जाता आलं तर तीच सफारी कमी पैशांत आणि कमी गर्दीत होते.

पेंचच्या बाबतीत नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. पेंच दोन राज्यांत आहे. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प वेगळा आणि मध्य प्रदेशातला वेगळा. दोघांचं बुकिंग वेगळं, नियम वेगळे, सुट्टीचे दिवसही वेगळे. महाराष्ट्राकडची गेटं म्हणजे सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा. मध्य प्रदेशाकडची तुरिया, कर्माझिरी, जमतरा. खुर्सापार आणि तुरिया एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे एका बाजूचं परमिट दाखवून दुसऱ्या बाजूने आत जाता येईल असं लोकांना वाटतं. अजिबात जाता येत नाही. मात्र याचा फायदा करून घेता येतो. त्या परिसरात मुक्काम असेल तर एक फेरी महाराष्ट्राच्या बाजूने आणि एक मध्य प्रदेशाच्या बाजूने घेता येते. एका राज्याची परमिटं संपली असतील तर दुसऱ्याची बघता येतात.

कान्हाला जायचं ते साल वृक्षांच्या जंगलासाठी, मोठमोठ्या कुरणांसाठी आणि बारशिंग्यासाठी. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा १९७० मध्ये तिथे अवघा ६६ उरला होता. तो आज कळपाने चरताना दिसतो, आणि ते पाहणं वाघाइतकंच मोलाचं आहे असं माझं ठाम मत आहे. ज्यांना गर्दी नको, डोंगरदऱ्यांचं जंगल हवं, वाघ नाही दिसला तरी चालेल, त्यांनी मेळघाटाचा विचार करावा. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. सेमाडोह, कोलकास इथे वनविभागाच्या मुक्कामाच्या सोयी आहेत. तिथे गवे दिसतात, नशिबात असेल तर अस्वल दिसतं, आणि चिखलदरा जवळच आहे.

महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या बाहेर जाणार असाल तर तिथली पद्धत आधी समजून घ्या, कारण ती इथल्यासारखी नसते. रणथंबोरमध्ये झोन १ ते १० असे आकडे असतात आणि सहा आसनांची जिप्सी किंवा वीस आसनांची कँटर (उघडी मोठी गाडी) यांतली जागा घ्यायची असते. गीरमध्ये ऑनलाइन मिळतं ते फक्त परमिट. जिप्सीचे आणि गाईडचे पैसे गीरला लागून असलेल्या सासण गावी वेगळे द्यावे लागतात. तिथे ‘देवळिया’ नावाचा पर्यायही दिसतो. तो कुंपणातला सफारी पार्क आहे, गीरच्या मोकळ्या जंगलातली फेरी नव्हे. लहान मुलं असतील तर देवळिया सोयीचा आहे, पण काय घेतो आहोत हे माहीत असावं. कॉर्बेटमध्ये ढिकाला, बिजरानी, झिरना, ढेला असे विभाग आहेत आणि ढिकालाच्या आत वनविश्रामगृहात राहायचं असेल तर त्याचं परमिट निराळं.

कोअर की बफर

बुकिंगच्या पानावर पहिला प्रश्न हाच येतो. कोअर म्हणजे प्रकल्पाचा गाभा. तिथे गावं जवळजवळ नाहीत, शेती नाही, गुरं नाहीत. बफर म्हणजे त्याच्याभोवतीचा पट्टा. जंगल आहे, पण गावंही आहेत, शेतं आहेत, मोह-तेंदू गोळा करणारी माणसं आहेत. ताडोब्यात कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि बफर त्याहून मोठा, सुमारे ११०० चौरस किलोमीटर.

कोअरमध्ये परमिटं इतकी कमी का, याचं उत्तर २०१२ मध्ये आहे. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं बंद केलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पर्यटन पुन्हा सुरू झालं, पण कोअरच्या वीस टक्क्यांपर्यंतच्या भागातच. म्हणजे कोअरचं परमिट काढलं तरी आपण त्याचा लहानसा भागच बघणार असतो, आणि तसंच असायला हवं. उरलेलं जंगल जनावरांचं आहे.

बफर म्हणजे ‘कोअर मिळालं नाही म्हणून घेतलेली सफारी’, हा समज सोडून द्या. वाघाला कोअरची हद्द कुठे संपते ते ठाऊक नसतं. ताडोब्यात आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, निमढेला या बफर गेटांवरही वाघ, बिबटे, अस्वलं दिसतात. बफरचं परमिट स्वस्त असतं, ऐनवेळी मिळायची शक्यता जास्त असते, आणि या सफारींमुळे आसपासच्या गावांतल्या मुला-मुलींना गाईडचं, गाडी चालवण्याचं काम मिळतं. ज्या गावाची गुरं वाघ मारतो, त्या गावाला वाघामुळे चार पैसे मिळाले तरच वाघ टिकेल. म्हणून बफरची एक फेरी तरी प्रत्येकाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

फरक आहेच. कोअरमध्ये जुनं, सलग जंगल असतं आणि पाणवठ्यांची, कुरणांची मालिका असते. ताडोबा तलाव, तेलिया, पांढरपौनी, गाव हलवल्यावर कुरण झालेली जामणीची मोकळी जागा, हे सगळं कोअरमध्येच. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले आहेत. दोरी आणि घंटा बांधून निरोप पोचवायला ते वापरत, असं सांगतात. बफरमध्ये जंगल मध्येच विरळ होतं, लांब कुठेतरी ट्रॅक्टर ऐकू येतो. पहिल्या सहलीसाठी माझं गणित सोपं आहे. तीन फेऱ्या असतील तर दोन कोअरच्या आणि एक बफरची. दोन असतील तर एक-एक.

गेट: सगळ्यात जास्त विचार इथे करा

नवखी माणसं गेटाकडे दुर्लक्ष करतात. ‘ताडोब्याचंच ना, मग कुठलंही चालेल,’ म्हणतात. पण गेट ठरलं की मुक्काम ठरतो, पहाटे किती वाजता उठायचं ते ठरतं आणि आत कुठला भाग दिसणार तेही बऱ्याच अंशी ठरतं.

ताडोब्याच्या कोअरची सहा गेटं लक्षात ठेवा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. मोहर्ली चंद्रपूरकडून येणाऱ्यांना सोयीचं. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारपूरला उतरणार असाल तर हेच बघा. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला, म्हणजे नागपूरहून गाडीने येणाऱ्यांना बरे. झरी आणि पांगडी या गेटांवरून आपण कोळसा परिक्षेत्रात शिरतो. तिथलं जंगल दाट, उंचसखल आणि फार देखणं आहे. वर्दळ कमी, पण वाघ दिसण्याची शक्यताही मोहर्ली-कोलारापेक्षा कमी. पहिल्याच फेरीला वाघ दिसावा म्हणून मुलं आस लावून बसली असतील तर झरी घेऊ नका. दुसऱ्यांदा जाल तेव्हा मात्र नक्की घ्या.

मोहर्लीला मुक्काम आणि सकाळचं परमिट कोलाराचं, असं कधीही करू नका. नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या ठिपक्यावर दिसतात. पण मुक्कामाहून गेटवर जायला जंगलातून आरपार रस्ता वापरता येत नाही, बाहेरून मोठा वळसा पडतो. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, रस्त्यात गुरं-रानडुकरं असताना तो वळसा घालणं जिवावरचं काम आहे. कान्हाचंही तसंच. खटिया मंडला जिल्ह्यात, मुक्की बालाघाट जिल्ह्यात. दोन्हींमधलं रस्त्याचं अंतर इतकं आहे की एका गेटला राहून दुसऱ्या गेटची पहाटेची फेरी गाठायची म्हणजे फारच लवकर उठावं लागेल. परमिट ज्या गेटचं, मुक्काम त्याच गेटाजवळ, हा नियम मोडू नका. दोन वेगळ्या गेटांची परमिटं मिळाली तर मुक्कामही मध्ये बदला.

नावांचाही घोळ होतो. ताडोब्याचं नवेगाव गेट चिमूरजवळ, आणि नवेगाव-नागझिरा हा गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतला पूर्णपणे वेगळा व्याघ्र प्रकल्प. बुकिंग करताना प्रकल्पाचं नाव आणि गेटाचं नाव, दोन्ही वाचून मगच पैसे भरा.

बफरचं गेट निवडताना कोअरच्या गेटाला जवळचं निवडा. मोहर्लीला राहत असाल तर आगरझरी, देवाडा, जुनोना. कोलाराच्या बाजूला असाल तर मदनापूर, पळसगाव, बेलारा. नवेगावच्या बाजूला अलिझंझा, निमढेला. आगरझरीला फुलपाखरू उद्यानही आहे. मुलं असतील तर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेला ते फार छान.

महिना आणि फेरी

ताडोब्याचं कोअर साधारणपणे १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पावसाळ्यासाठी बंद असतं. मध्य प्रदेशातले प्रकल्पही याच काळात बंद. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. पावसाळ्यात ताडोब्याचा काही बफर चालू राहतो, पण रस्ता खचला की फेरी रद्द होते.

ऑक्टोबरमध्ये जंगल उघडतं तेव्हा गवत पुरुषभर उंच असतं. निसर्ग फार सुंदर, जनावर दिसणं अवघड. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण उघड्या जिप्सीत पहाटेची थंडी हाडांत शिरते; कानटोपी, हातमोजे, पांघरूण घ्याच. एप्रिल-मे वाघासाठी सर्वांत चांगला काळ. पानगळ झालेली असते, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि जनावरं तिथेच येतात. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढे. दुपारच्या फेरीत ज्येष्ठांना आणि लहानग्यांना तो त्रास देऊ नका. माझ्या मते पहिल्या सहलीसाठी फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. थंडी ओसरलेली, ऊन सोसवणारं, गवत वाळून खाली बसलेलं आणि मार्चमध्ये पळस फुललेला.

आठवड्याची सुट्टी तपासा. ताडोब्याचं कोअर मंगळवारी बंद असतं. कान्हा आणि मध्य प्रदेशातलं पेंच बुधवारी दुपारी बंद. दोन राज्यं जोडून सहल करणाऱ्यांचा इथे हमखास एक दिवस वाया जातो. होळी-धुळवडीलाही बऱ्याच ठिकाणी बंद असतं.

सकाळ की दुपार, असं विचाराल तर सकाळ. रात्रभर फिरलेल्या वाघाच्या पंज्यांचे ताजे ठसे धुळीत असतात, गाईडला माग काढायला काहीतरी हाती असतं. उन्हाळ्यात मात्र दुपारची फेरी जास्त फळते, कारण संध्याकाळी जनावरं पाण्यावर येतात. पाणवठ्याजवळ गाडी बंद करून बसायचं आणि ऐकायचं. लंगूर झाडाच्या टोकावरून खेकसतं, मग चितळाचा तीक्ष्ण आवाज येतो. चितळ थोड्याशा कारणानेही ओरडतं, गाईड मान वर करतो पण हलत नाही. मग लांबून सांबराचा एकच जड ‘ढांक्’ ऐकू येतो, आणि गाईड चालकाच्या खांद्यावर हात ठेवतो. सांबर उगाच ओरडत नाही. त्यानंतर वाघ बाहेर येईलच असं नाही, पण तो जवळपास कुठेतरी असण्याची शक्यता मोठी असते.

पूर्ण गाडी की एक आसन

जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. सहा जण असाल तर पूर्ण गाडीच घ्या. दोघं-तिघं असाल तर जिथे आसनानुसार परमिट मिळतं तिथे ते स्वस्त पडतं, पण सोबतची माणसं अनोळखी असतात. कुणाला पक्षी बघायचे असतात, कुणाला फक्त वाघाच्या मागे धावायचं असतं. लहान मूल घेऊन अनोळखी गाडीत बसू नका. मूल रडलं तर तुम्हालाही अवघडल्यासारखं होतं आणि इतरांनाही. जिथे कँटर किंवा मिनीबस मिळते तिथे ती सगळ्यात स्वस्त. बसायला सोयीची, पण वळणांवर मोठी गाडी लवकर फिरत नाही आणि आवाजही जास्त.

पैशांचा हिशेब करताना एक गोष्ट नीट बघा. परमिटाच्या रकमेत काय काय धरलं आहे? प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं, गाईडचं मानधन हे तीन वेगळे भाग असतात. काही ठिकाणी तिन्ही ऑनलाइन भरले जातात, काही ठिकाणी फक्त प्रवेशशुल्क, आणि बाकीचे गेटवर रोख द्यावे लागतात. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असू शकतं. जंगलाच्या काठावर नेटवर्क जातं, यूपीआय चालेलच असं नाही; पाकिटात रोख ठेवा. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील तर अनेक ठिकाणी त्यांचा दर वेगळा असतो; फॉर्म भरताना त्यांची नोंद तशीच करा आणि पारपत्र बरोबर घ्या.

फॉर्म भरताना

बुकिंग राज्याच्या वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. मिळत्याजुळत्या नावाची खाजगी पानं बरीच आहेत, ती दिसायलाही सरकारी वाटतात. एजंटाकडून घेणार असाल तर ‘सफारी कन्फर्म’ एवढ्या संदेशावर पैसे देऊ नका. तुमची नावं, गेट, तारीख आणि फेरी छापलेलं परमिटच मागून घ्या.

फॉर्म भरायला बसण्याआधी सगळ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो एका ठिकाणी जमा करा. नावं ओळखपत्रावर जशी आहेत तशीच लिहायची. घरात ‘बाळासाहेब’ असले तरी आधारवर ‘दत्तात्रय’ असेल तर दत्तात्रयच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली-सुनांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त येतो. जे ओळखपत्र भराल, तेच मूळ ओळखपत्र गेटवर न्यायचं. मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्रही लागेल असं धरून चाला. बहुतेक ठिकाणी नंतर नावं बदलता येत नाहीत. ‘आत्या नाही आली तर तिच्या जागी मामा’ असा बदल गेटवर चालत नाही. म्हणून ज्यांचं येणं नक्की आहे त्यांचीच नावं घाला.

रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात, हे पैसे भरण्याआधी वाचा. जसजशी तारीख जवळ येते तसतशी ही रक्कम घटत जाते, आणि काही ठिकाणी काहीच परत मिळत नाही. वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत, हे ओघाने आलंच.

परमिट मिळालंच नाही तर

दिवाळीच्या आठवड्यात हे होणारच. आधी तीच तारीख ठेवून दुसरं गेट बघा, मग तीच जागा ठेवून आठवड्यातला मधला दिवस. मग बफर. तेही नसेल तर शेजारचं जंगल. नागपूरला उतरणाऱ्यांना ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला असे चार पर्याय गाडीने जाण्याजोगे आहेत. काही प्रकल्पांत थोड्या जागा तत्काळसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि तारखेच्या काही दिवस आधी खुल्या होतात. त्याचा दर जास्त असतो. त्यावर अवलंबून मुंबई-पुण्याहून आठ जणांना घेऊन निघू नका, पण विदर्भातच राहत असाल तर जरूर प्रयत्न करा.

आणखी एक वाट आहे जी फार जणांना माहीत नसते. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राचा वनविभाग ‘निसर्गानुभव’ आयोजित करतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून चांदण्यात येणारी जनावरं पाहायची आणि नोंदवायची. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, शुल्क असतं आणि जागा मोजक्याच. रात्रभर न बोलता, न हलता बसायची तयारी हवी. मोठ्या मुलामुलींना आणि जंगलाची ओढ असलेल्यांना यासारखा अनुभव नाही.

‘रात्रीची सफारी’ म्हणून काही कोणी विकत असेल तर आधी चौकशी करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमध्ये रात्रीचं पर्यटन नको असं स्पष्ट केलं. त्याच निकालात कोअरच्या पर्यटन भागात मोबाइल वापरायला बंदी आहे. ताडोब्याच्या कोअरमध्ये ती आधीपासूनच होती. कारण साधं आहे. एका गाडीतून फोन गेला की दहा गाड्या एका वाघाभोवती जमतात आणि त्याला रस्ता ओलांडता येत नाही. फोटोसाठी साधा कॅमेरा घ्या, नाहीतर डोळ्यांनी बघा.

गेटवर

गेट उघडण्याच्या किमान अर्धा तास आधी पोचा. अंधारात खिडकीसमोर रांग असते. वनरक्षक टॉर्चच्या उजेडात परमिटावरचं एकेक नाव वाचतो, ओळखपत्र समोर धरून चेहऱ्याशी ताडून बघतो. गाईड आणि जिप्सी बहुतेक ठिकाणी नंबराने, म्हणजे पाळीने मिळतात. ‘मागच्या वेळचाच गाईड द्या’ म्हणून वाद घालू नका. परमिटाची छापील प्रत सोबत असू द्या, मोबाइल जमा करावा लागला तर स्क्रीनवरची प्रत उपयोगी पडत नाही. कपडे मातकट, हिरवट. अत्तर नको, भडक रंग नकोत, प्लास्टिकच्या पिशव्या नकोत.

गाडी सुरू झाली की गाईडला आधीच सांगा की आम्हाला घाई नाही, गर्दीतून नेऊ नका, वाघ नसेल तर पक्षी दाखवा, झाडं दाखवा. बरेच गाईड पर्यटकांच्या ‘वाघ कुठंय?’ने दबून जातात. असं सांगितलं की ते मोकळे होतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं किती आहे ते कळतं. ऐन, धावडा, बिजा ही झाडं कशी ओळखायची, झाडाच्या खोडावर अस्वलाने मधासाठी चढताना काढलेले ओरखडे कुठले, मोरघार कुठल्या फांदीवर रोज बसते, हे त्यांना पाठ असतं. चालकाने वेग वाढवला किंवा जनावराच्या अगदी जवळ गाडी घातली तर तिथल्या तिथे, शांतपणे थांबवायला सांगा. तरी ऐकलं नाही तर बाहेर पडताना गाडीचा क्रमांक, फेरी आणि वेळ लिहून गेटवरच्या वनकर्मचाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. फेरी चांगली झाली असेल तर गाईडचं नाव त्याच गेटवर आवर्जून सांगा, आणि बक्षीस द्यायचं असेल तर गाईड आणि चालक दोघांच्याही हातात वेगवेगळं द्या.